रॅपिडला ऑक्टावियाच्या रिम्स, आणि मध्ये तो ॲडॉप्टर

मित्राने ऑक्टाविया विकताना तिच्या सोळा इंची अलॉय काढून ठेवल्या होत्या, त्या मी घेतल्या. माझी रॅपिड, जुनी. कंपनी एकच, स्कोडा. दोन्हींचा सेंटर बोर, म्हणजे रिमचं मधलं भोक, 57.1 मिमी, पण पीसीडी, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, वेगळा. रॅपिडचा 5x100, ऑक्टावियाचा 5x112. म्हणजे हब (गाडीचा चाक बसतो तो भाग) आणि रिम यांच्या मध्ये ॲडॉप्टर, म्हणजे एका बाजूने हबला आणि दुसऱ्या बाजूने रिमला बोल्टने बसणारी धातूची चकती, आलाच. टायर, बॅलन्सिंग वगैरे एका सकाळीत उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ॲडॉप्टरने मात्र जीव खाल्ला.

पीसीडीत 12 मिमीचा फरक म्हणजे त्रिज्येत जेमतेम 6, आणि बोल्टच 14 मिमीचा. त्यामुळे दोन्ही भोकं एका रेषेत घेता येत नाहीत, दुसरा संच 36 अंशांनी फिरवावा लागतो. आटे पुरेसे धरायला हवेत म्हणून जाडी 20 मिमी ठरवली. हे सगळं मी कागदावर लिहून, आकृती काढून दुकानदाराला दिलं होतं: आतला बोर 57.1, बाहेर रिमच्या भोकात शिरणारी उंचवट्याची कड, म्हणजे कॉलर, 57.1, बोल्ट एम14x1.5. त्याने कागद घडी करून खिशात टाकला, ॲडव्हान्स घेतला आणि "चार दिवसांत देतो साहेब" म्हणाला.

मग फोन. "माल ट्रान्सपोर्टला अडकलाय." "आज गाडी येतेय." "मी बाहेर आहे, पोराला विचारा." पोराला काही माहीत नसायचं.

शेवटी खोकं आलं. लालभडक, चकचकीत माल. बोर 73.1, कॉलर नाहीच. "युनिव्हर्सल आहे, सगळ्यांना बसतो." मी त्याच्याच दारात चाक काढायला लावलं आणि ॲडॉप्टर हबवर नुसता टेकवला. चारी बाजूंनी आठ मिमीची फट, त्याच्याच टेबलावरची पेन्सिल आरपार गेली. तर म्हणतो, "बोल्ट कसले की आपोआप सेंटरला येतं." येतं, अंदाजे येतं. आणि त्या अंदाजाची थरथर ऐंशी-नव्वदच्या स्पीडला स्टिअरिंगमध्ये जाणवते. मग प्लास्टिकची रिंग टाकून देतो म्हणाला. अरे, रिंगने हबची बाजू भागेल, पण रिम कशावर टेकणार? कॉलर कुठाय?

पुन्हा वाट. पुन्हा पोरगा. दुसऱ्या खोक्यातल्या मालाला कॉलर होती, पण 66.6 ची, म्हणजे मर्सिडीजचं माप. ती 57.1 च्या भोकात शिरणार कशी? यावर साहेबांचं उत्तर: "घासून देतो." पैसे परत मागितले तर "पॅकेट फोडलंय ना तुम्ही." माप बघायला पॅकेट फोडू नको तर काय एक्स-रे काढू? अखेर त्या रकमेत सीट कव्हर घ्या असा तोडगा निघाला. मला सीट कव्हर नको होते.

मी भोसरी एमआयडीसीत गेलो. लेथवाल्या काकांनी माझा कागद बाजूला सारला. "कागदाचं राहू दे, गाडी इथं लाव आणि रिम खाली काढ." व्हर्नियर लावून हब आणि रिम दोन्ही मोजले, मग 6061-टी6 या ॲल्युमिनियमच्या गोल रॉडमधून चारही तुकडे काढून दिले. हबच्या मुळाशी बारीक गोलाई असते, तिथे ॲडॉप्टर अडकू नये म्हणून आतली कड त्यांनी न सांगता तिरकी कापली. ही गोष्ट मला त्या दुकानात शंभर वर्षांत कोणी सांगितली नसती.

बसवताना आधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर ॲडॉप्टर सपाट बसत नाही. ॲडॉप्टर हबला कसल्यावर त्याच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघा, आतल्या बोल्टची डोकी केसभरही वर आलेली चालत नाहीत. रिमचा बोल्ट मागून बाहेर येऊन हबला टेकतोय का तेही तपासा. हाताने फिरवून किमान नऊ पूर्ण फेरे आटे धरले पाहिजेत. आणि बोल्ट मिसळू नका: कंपनीच्या रिमला गोल सीटचे (सीट म्हणजे बोल्टचा टेकणारा भाग) लागतात, ॲडॉप्टरला बहुधा शंकूच्या सीटचे. टॉर्क 120 न्यूटन मीटर, शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हवेच्या गनने कसणाऱ्याला लांब ठेवा.

ऑफसेटचं राहिलंच. जे म्हणजे रिमची रुंदी इंचांत, ईटी म्हणजे ऑफसेट, रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर मिमीत. मूळ रिम 6जे, ईटी38. नवीन 6.5जे, ईटी46, त्यातून ॲडॉप्टरचे 20 गेले की 26. चाकाची बाहेरची कड 18 मिमी बाहेर येते. म्हणून टायर 195/50 आर16 घेतले, उंची जवळपास मूळच्या 185/60 आर15 एवढीच राहते आणि लोड इंडेक्सही (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) 84 च. मागे तिघांना बसवून स्पीडब्रेकरवरून नेली, घासली नाही. बेअरिंगवर ताण वाढतो, त्याकडे लक्ष ठेवायचंच.

विमा कंपनीला लेखी कळवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मूळ रचनेतल्या फेरफाराच्या बाजूने नाहीत, हे धरूनच काय ते ठरवा. मूळ रिम्स मी माळ्यावर ठेवल्यात.

स्टेपनी अजून 5x100 चीच आहे. पंक्चर झालं तर ॲडॉप्टरही काढावा लागतो, आणि त्याचे बोल्ट खोल असल्याने रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पाना आत जात नाही. पातळ भिंतीचा 17 चा सॉकेट आणि स्टेपनीसाठी मूळचे पाच बोल्ट डिकीत हवेतच.