शेपटी उशिरा पोचते

टॉम जेरीमागे सुसाट सुटतो आणि बिळाशी येऊन गपकन थांबतो. थांबतं ते धड. शेपटी आणखी चार-सहा फ्रेम पुढे जाते, वळसा घेते आणि मग मुकाट्याने मागे येऊन बसते. सुस्त दुपारी असं कार्टून लागलं की आवाज बंद करावा आणि नुसती शेपटी बघत बसावं. उंदराचं काय व्हायचं ते होवो.

शेपटीचं गणित कमरेपासून सुरू होतं. आधी कंबर वळते, दोन-तीन फ्रेमनंतर शेपटीचं मूळ, मग मधला भाग, टोक सगळ्यांत शेवटी. टॉमचं टोक पांढरं असल्यामुळे ते नेमकं कुठे रेंगाळलंय हे चटकन दिसतं. मूळ आणि टोक एकदम वळवलं की शेपटीची काठी झालीच म्हणून समजा. मांजर चिडलंय? मूळ हलवायचंच नाही, फक्त टोक फटकारायचं. भुवया चढवायचीसुद्धा गरज पडत नाही.

फेलिक्स मांजर 1919 साली मूकपटात आलं, तेव्हा शेपटीवाचून त्याचं पानही हलत नसे. कोडं पडलं की तिचं प्रश्नचिन्ह व्हायचं. अडचण आली की ती उपटून हत्यार म्हणून वापरायची, काम झालं की परत लावायची. आणि हे सगळं कुणालाही विचित्र वाटायचं नाही!

हाताने रंगवायच्या काळातले सेलचे, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ तावांचे, उद्योग वेगळेच. पारदर्शक सेलवर पुढून शाईची रेघ, मागून रंग. मांजर निवांत बसलेलं असलं तर धड एका सेलवर तसंच ठेवायचे आणि शेपटी तेवढी त्यावर ठेवलेल्या दुसऱ्या सेलवर हलवायचे. पण सेल अगदी काचेसारखा स्वच्छ नसे, त्यामुळे खालच्या थरातला राखाडी जरा काळपट दिसे. म्हणून तो आधीच थोडा उजळ घोटायचा. मध्येच एखादा सेल कमी झाला तर त्याजागी कोरा ठेवायचा. विसरलं, तर धडाचा रंग पडद्यावर लुकलुकायचा.

सात मिनिटांचं कार्टून म्हणजे सेकंदाला 24 प्रमाणे 10,080 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी 5,040 चित्रं झाली. त्यामुळे एकेका रेघेचा हिशोब लागतो. 1940 मध्ये टॉम पहिल्यांदा आला तेव्हा चांगला केसाळ होता. पुढे बरेचसे केस गेले. मिकीची तर 1941 च्या काही लघुपटांत शेपटीच काढून टाकली. रेघा वाचल्या, काम वाचलं, सगळं मान्य. पण पाठमोरा मिकी बघवत नाही, कुणीतरी नीटनेटका कारकून चालल्यासारखा वाटतो.

पुढे शेपटी परत आली म्हणा.