तिसऱ्या बारमधला गंधार

शनिवारची दुपारची बॅच. नववीतली एक मुलगी पोलिश संगीतकार शोपँचं सी मायनरमधलं प्रिल्यूड, म्हणजे पियानोसाठीचा एक छोटा तुकडा, वाजवत होती. ओपस २८ या संचातलं २० नंबरचं, अवघं १३ बारचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक भाग). पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ते कधी ना कधी येतंच. संथ लय, भरगच्च कॉर्ड्स (एकदम वाजणारे सूर), प्रेतयात्रेसारखी चाल. तिसऱ्या बारच्या शेवटच्या कॉर्डला तिनं ई नॅचरल, म्हणजे शुद्ध सूर, लावला. मी थांबवलं.

"अगं, परत चुकलीस. फ्लॅट आहे तिथे."

मागच्या आठवड्यात मीच तिथे लाल पेनानं गोल केला होता. तिनं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "सर, पण इथे फ्लॅट लिहिलेलाच नाहीये."

खरंच नव्हता. कुणाकडून तरी आणलेल्या जुन्या छपाईची ती झेरॉक्स होती. माझ्या पुस्तकात मात्र फ्लॅट ठळक छापलेला. वीस वर्षं मी तोच शिकवत आलोय. "पुढच्या वेळी सांगतो," म्हणालो आणि विषय बदलला.

आपल्या भाषेत सांगायचं तर सीला सा धरा, म्हणजे ई झाला गंधार; फ्लॅट तो कोमल, नॅचरल तो शुद्ध. प्रश्न एवढाच, की तिथे गंधार कोमल की शुद्ध? कोमल असेल तर दुःख तसंच पुढे चालत राहतं. शुद्ध असेल तर मयताच्या घरात कुणीतरी क्षणभर खिडकी उघडल्यासारखं वाटतं. लय इतकी संथ, की ती एक कॉर्ड कानात ठाण मांडून बसते. चूक असो की बरोबर, लपत नाही.

रात्री जेवण झाल्यावर कॉम्प्युटरवर बसलो. शोपँचं हस्तलिखित वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्याचे स्कॅन घरबसल्या बघता येतात. १८३८-३९ चा हिवाळा त्यानं मायोर्का बेटावर खोकत काढला, तिथे ही प्रिल्यूड्स पुरी केली आणि जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसला आपल्या मित्राकडे, ज्युलियन फोंतानाकडे, पाठवून दिली. अक्षर बारीक, नेटकं. खोडलेल्या जागा मात्र आडव्यातिडव्या रेघांनी अशा गच्च भरलेल्या, की खालचं काही दिसू नये.

तिसरा बार मोठा करून पाहिला. फ्लॅट नाही. पॅरिसची १८३९ ची पहिली छपाई काढली. तिथेही नाही. त्याच बारमध्ये आधी ई नॅचरल येऊन गेलेला असतो आणि नियम असा, की चिन्ह बार संपेपर्यंत लागू. म्हणजे कागदोपत्री माझी विद्यार्थिनी बरोबर. मग माझ्या पुस्तकात फ्लॅट आला कुठून? तर शोपँ ज्यांना शिकवायचा त्यांच्यापैकी एकाच्या छापील प्रतीत त्यानं स्वतः पेन्सिलनं तो घातलाय. असली चिन्हं लिहायची तो विसरायचा, हे जगजाहीर आहे. माझा कौल अजूनही कोमललाच. पण ज्या खात्रीनं मी लाल गोल काढला होता, ती खात्री त्या कागदांत नाही.

मग त्याच पानावर दुसरंच काहीतरी सापडलं आणि फ्लॅट बाजूला राहिला. प्रिल्यूडचे चार बार शेवटी पुन्हा येतात, अगदी हळू आवाजात. 'यात्रा लांब गेली, आता फक्त आवाज ऐकू येतोय,' असं मी मुलांना रंगवून सांगतो. हस्तलिखितात त्या पुनरावृत्तीपाशी प्रकाशकासाठी फ्रेंचमध्ये एक टीप आहे. मथितार्थ असा: अमुक महाशयांसाठी केलेली ही छोटीशी तडजोड, त्यांचं बरेचदा बरोबर असतं. नावाच्या जागी नुसत्या फुल्या. म्हणजे तुकडा मुळात नऊ बारचा! कुणीतरी म्हणालं असणार, फारच लवकर संपतं हो. आणि माझी ती लांब जाणारी यात्रा? मी एकटाच खुर्चीत बसून हसत होतो. बायको आतून म्हणाली, "काय झालं?" काय सांगणार!

पुढच्या शनिवारी मुलीला दोन्ही वाजवायला लावलं. तिनं दोनदा वाजवलं, मग तिसऱ्यांदा फ्लॅट लावून. "हेच बरं वाटतं," म्हणाली, "पण माझी चूक नव्हती ना?"

"नव्हती."

"मग तो गोल काढा."

लाल पेन, खोडरबरानं कुठला जायला. कागद फाटायची वेळ आली. शेवटी तो तसाच ठेवला आणि शेजारी पेन्सिलनं, कंसात, एक लहानसा फ्लॅट काढून दिला.