माझ्या मापाची स्की: माझा अनुभव

माझी उंची १५१ सेंटिमीटर, वजन ४४ किलो, पाय साडेबावीस सेंटिमीटरचा. स्की निवडताना हे तीन आकडे सर्वांत आधी सांगायचे असतात, हे कळायला मला दोन हिवाळे लागले. राहते रत्नागिरीत. आमच्याकडे बर्फ लागतो तो होडीत मासळी टिकवायला, त्यामुळे घसरण्याच्या बर्फाविषयी विचारायला घरी-दारी कुणीच नव्हतं. म्हणून माझ्यासारख्या लहान चणीच्या, थोडंफार शिकून पुढे अडकलेल्या बायकांसाठी हे सगळं लिहून ठेवते आहे.

पहिल्या हिवाळ्यात मी उत्तराखंडातल्या औलीला गेले. स्नो प्लाऊ, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून वेग कमी करणं, ते तीन दिवसांत जमलं. पॅरलल टर्न, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं, मात्र काही केल्या येईना. भाड्याच्या दुकानातून मला १६० ची स्की मिळाली होती, माझ्या डोक्यापेक्षा उंच. दुकानदाराने एकदा माझ्याकडे बघितलं आणि भिंतीला लावलेल्यांतली एक जोडी काढून दिली. बूट चोवीसचे. सैल होतात म्हटल्यावर "दो जुराब पहन लो," एवढंच उत्तर. मी दोन जाड मोजे घातले. चौथ्या दिवशी वळताना पडले तेव्हा उजव्या पायाची स्की सुटलीच नाही. गुडघा पिळला. नंतर बघितलं तर बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या पकडीची, आकडा दाखवणारी खिडकी सहावर होती, म्हणजे आधीच्या कुणा भक्कम माणसाचं सेटिंग तसंच राहिलेलं. त्या गुडघ्यापायी पुढचे दोन महिने मला जिना एकेक पायरी उतरावा लागला.

घरी आल्यावर मी धरूनच चालले होते की माझ्या मांड्यांत जोर नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत रोज पळायला लागले. पळण्याचा उपयोग झाला, ते वाया गेलं नाही. पण अडचण तिथे नव्हती.

दुसऱ्या वर्षी गुलमर्गला गेले. तिथल्या इन्स्ट्रक्टरने मला एकच उतार दोनदा उतरायला लावला, आणि मागे वळून माझी रेघ बघायला सांगितलं. बर्फावर माझ्या वळणांच्या खुणा पुसट, रुंद, खरवडल्यासारख्या होत्या. त्याच्या खुणा सुरीने कापल्यासारख्या बारीक. तो म्हणाला, "दीदी, आपकी स्की मुड़ ही नहीं रही, आप उसको धकेल रही हैं."

मग त्याने दोन्ही स्कींच्या बेस, म्हणजे तळाच्या बाजू, एकमेकींना लावून जोडी माझ्या हातात दिली. मधोमध दोन बोटं जातील एवढी फट. "आता दोन्ही हातांनी दाबून ही फट बंद करा." मी सगळा जोर लावला, फट अर्धीही मिटली नाही. त्याने शेजारच्या मुलीची जोडी आणली. ती जोडी माझ्या मुठीत हळूहळू मिटली. त्या एका मिनिटात मला जे समजलं ते औलीच्या सगळ्या दिवसांत समजलं नव्हतं.

स्की मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असते. ती कडेवर कलली आणि वरून वजन पडलं की धनुष्यासारखी वाकते, आणि त्या वाकलेल्या रेघेवरूनच वळते. वाकवायचं काम तुमचं वजन आणि वेग करतात. ४४ किलोच्या बाईखाली ऐंशी किलोच्या माणसासाठी बांधलेली कडक, लांब स्की दिली तर ती वाकत नाही, सरळ धावते. मग वळायला कमरेतून हिसका द्यावा लागतो, मागची टोकं बाजूला ढकलावी लागतात आणि दुपारपर्यंत मांड्या पेटतात. लांबीचा तक्ता उंचीवर बेतलेला असतो, कारण उंची मोजायला सोपी. पण स्कीला तुमची उंची जाणवत नाही, वजन जाणवतं. त्याच्या जोडीला तुम्ही किती वेगाने आणि कुठल्या बर्फावर जाता हेही बघावं लागतं.

हे मी घरी फोनवर काकांना सांगितलं. काकांचं आयुष्य खाडीकाठी होड्या बांधण्यात गेलं. ते लगेच म्हणाले, "मग त्यात काय गो नवीन? होडी लांब तेवढी सरळ चालते, वळवताना मात्र जीव काढते. आखूड केलीस तर जागच्या जागी फिरेल, पण लाटेत नाचेल." पुढच्या तीन दिवसांत मला नेमकं हेच बघायचं होतं.

गुलमर्गच्या एका दुकानदाराशी मी ठरवलं की भाडं तीन दिवसांचं देईन, पण जोडी रोज बदलून मिळाली पाहिजे. विकत घ्यायच्या आधी ज्यांना शक्य आहे त्यांनी हे करावंच. आणि उतार एकच ठेवावा. मी गंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, पहिल्या टप्प्याखालचा, कोंगडोरीहून खाली येणारा उतार धरला होता.

पहिल्या दिवशी १५६ ची, कमरेला, म्हणजे मधल्या बारीक भागाला, ८८ मिलिमीटर रुंद. सरळ उताराला छान शांत होती. पण कडेवर कलवायला वेळ लागे. कमर जितकी रुंद तितकी स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आणायला पायाचा जोर जास्त, आणि माझा बूट तर एवढासा. प्रत्येक वळण अर्ध्या सेकंदाने उशिरा, आणि तेवढ्यात समोरचं झाड जवळ.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने आपणहून १३६ ची लहान मुलांची स्की दिली. लहान चणीच्या बाईला हा सल्ला हमखास मिळतो, शिवाय ती स्वस्तही पडते. सकाळी कडक, सारख्या बर्फावर मी तिच्यावर बेहद्द खूश होते, मनात आणलं की वळत होती. अकरानंतर लोकांच्या येण्याजाण्याने बर्फाचे ढीग झाले आणि तिची पुढची टोकं थरथरायला लागली. वेग जरा वाढला की पायाखाली आधार असल्यासारखं वाटेना, आणि वजन पुढे टाकलं तेव्हा मी दोनदा टोकांवरून पुढे गेले. मुलांच्या बहुतेक स्की आतून मऊ असतात, तीस-पस्तीस किलोच्या पोराला वाकवता याव्यात म्हणून. शिकायच्या पहिल्या आठवड्याला त्या चालतील. ज्या बाईला स्नो प्लाऊतून बाहेर पडायचं आहे तिने त्यांच्यावर पैसे घालू नयेत.

तिसऱ्या दिवशी १४६ ची बायकांची स्की मिळाली, कमर ८० मिलिमीटर. उभी केली तर टोक माझ्या कपाळाशी. पहिली तीन-चार वळणं मी जुन्या सवयीने ढकलूनच घेतली. मग इन्स्ट्रक्टर ओरडला, "धकेलो मत, खड़ी रहो!" मी बाहेरच्या पायावर नुसती उभी राहिले, नडगी बुटाच्या जिभेवर टेकली आणि थांबले. स्की आपली आपण वळली. बुटाच्या तळाशी ती वाकताना जाणवली, ताणलेली फांदी सोडताना हाताला जाणवते तशी. मागे वळून बघितलं तर बर्फावर बारीक रेघ. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने नक्कीच नव्हतं.

मग खरेदी. म्युनिकला माझी मावसबहीण असते, ती मे महिन्यात येणार होती. हवी होती ती स्की १३९, १४६ आणि १५३ अशा मापांत मिळत होती. दोन मापांमधलं अंतर सात सेंटिमीटर, त्यामुळे माझ्यासारखीला मधलं काही मिळतच नाही. उंचीच्या तक्त्याप्रमाणे मध्यम शिकलेल्या माणसाला हनुवटी ते नाकापर्यंतची लांबी सांगतात, म्हणजे माझ्यासाठी १३९. मी १४६ घेतली. त्या स्कीला पुढे रॉकर आहे, म्हणजे होडीची नाळ, पुढचं टोक, उचललेली असते तशी तिची पुढची बाजू सपाट जागी बर्फाला टेकतच नाही. त्यामुळे १४६ लिहिलेली स्की वळताना आखूड वाटते आणि मऊ बर्फात मात्र लांबीचा फायदा देते. टोकापर्यंत सपाट टेकणारी असती तर १३९ घेतली असती. १५३ चा मोह झाला, कारण दुकानातली मुलगी बहिणीला म्हणाली, "तुझी बहीण पुढे शिकेल, तेव्हा लागेल." मी नको म्हटलं. पुढे शिकायचं तर आज वाकणारी स्की हवी.

रुंदीबद्दल लोक मला गुलमर्गसाठी शंभर मिलिमीटरची घे म्हणत होते. तिथल्या अफरवट डोंगराच्या वरच्या उतारांवर ताजा बर्फ खोल असतो, हे खरं. पण तरंगणं वजनावर असतं. माझ्या वजनाला ८० मिलिमीटर पुष्कळ आधार देते, आणि माझे चारातले तीन दिवस खालच्या, दाबलेल्या बर्फावरच जातात. स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, माझ्या जोडीवर १२१-८०-१०४ असे आहेत, आणि शेजारी वळणाची त्रिज्या, १२ मीटर. मधला आकडा कमरेचा. त्रिज्या जितकी कमी तितकं वळण लहान, आणि कमी वेगात वळण पुरं व्हायला मला तेच हवं होतं.

बूट मात्र मी आधी गुलमर्गला पायात घालून घेतले, थोडे वापरलेले. बूट असे लांबून मागवू नयेत. आतलं अस्तर काढायचं, नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं. माझ्या टाचेमागे दीड बोट मावलं. मोजा एकच, पातळ. औलीचे ते दोन मोजे आठवले की अजून राग येतो. बूट सैल असेल तर पाय कलतो पण स्की कलत नाही, मग कितीही अचूक मापाची स्की घेऊन काय उपयोग?

आता बाइंडिंग. हलक्या माणसासाठी मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि याच्याबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. बाइंडिंग किती जोराला सुटावं त्याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती जोरात स्की करता यावरून ठरतो. बुटाच्या तळाची लांबी बाजूला मिलिमीटरमध्ये छापलेली असते, माझी २६६. माझा आकडा चारच्या खाली आला. मोठ्यांची काही बाइंडिंग चारपासूनच सुरू होतात, म्हणजे ती माझ्यासाठी कधीच पुरेशी सैल होणार नव्हती. बहिणीला मी बजावलं, तीनपासून सुरू होणारंच हवं. रुळावर सरकणारं मिळालं, त्यामुळे भोकं पाडावी लागली नाहीत. तरी शेवटचं सेटिंग मी गुलमर्गला प्रत्यक्ष बूट अडकवून जाणत्या माणसाकडूनच करून घेतलं. त्याने आकडे लिहिलेली चिठ्ठी दिली, ती पाकिटात असते. भाड्याने घेतलीत तरी खिडकीतला आकडा स्वतः वाचा. पाठीमागे रांग असली तरी वाचा.

मुंबईहून स्की मांडवी एक्सप्रेसने आणल्या. खालच्या बर्थखाली बॅग सरळ गेली. चिपळूणपर्यंत समोरचे आजोबा त्यात वल्ही आहेत असंच समजत होते.

आणि मग पावसाळा लागला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि वारा वर्षभर खारा. स्कीच्या कडा पोलादाच्या. पहिल्या वर्षी मी बॅगेची चेन बंद करून ती पलंगाखाली सारली आणि विसरले. गणपतीच्या साफसफाईत बाहेर काढली तेव्हा दोन्ही कडांना टोकापासून टोकापर्यंत नारिंगी रेघ, आणि बॅगेला बुरशीचा वास. मी मटकन खालीच बसले. काकांनी कडेवर नख घासून बघितलं, म्हणाले, "वरचाच आहे, आत नाही शिरलेला." घासायच्या रबराने दोन संध्याकाळी बसून तो काढला.

काका आपल्या रंध्याच्या पात्यांना तेल लावून ठेवतात. पण स्कीच्या बेसला तेल चालत नाही, तिथे वॅक्सच हवं. आता मी जूनच्या आधी जुन्या, बिनवाफेच्या इस्त्रीवर वॅक्स वितळवते. धूर आला तर इस्त्री जास्त तापली, लगेच उचलायची. बेसवर आणि कडांवरून खाली ओघळेल एवढा जाड थर देते आणि खरवडत नाही, तसाच ठेवते. खरवडायचं दिवाळीनंतर. दोन स्की घट्ट आवळून बांधत नाही, बॅगेची चेन उघडी ठेवते आणि पोटमाळ्यावर आडव्या टाकते, भिंतीला न टेकवता, कारण आमच्या भिंती आषाढात ओल धरतात.

यंदा गणपतीच्या आधी पुन्हा खाली काढल्या. काकांनी चष्मा लावला, एका जागी वॅक्स नखाने थोडं उकललं, कडेवरून अंगठा टोकापर्यंत नेला आणि परत आणला. म्हणाले, "गंज नाही गो."