सादळलेला माईक

बुवांनी धुमेवरची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावरची, कणीक खरवडून काढली आणि तिसऱ्यांदा पाणी मागितलं, तेव्हा मला घाम फुटला. चूक त्यांच्या पखवाजात नव्हती, याचा अंदाज मला एव्हाना आला होता. पण माईक मी बनवलेला, त्याचा बोर्ड मी काढलेला. तोंडातून शब्द निघेना.

गोष्ट गेल्या सप्टेंबरातली. सोलापूरच्या पूर्व भागात अशोक चौकाच्या मागं एका मित्राची रेकॉर्डिंगची खोली आहे. खोली म्हणजे पहिल्या मजल्यावरची दहा बाय बारा, आणि आवाज घुमू नये म्हणून चारही भिंतींना सोलापुरी चादरी टांगलेल्या. मोर, फुलं, सगळी नक्षी. एका भजनी मंडळाचे चार अभंग रेकॉर्ड करायचे होते. खोलीत पखवाज छातीत घुमत होता. हेडफोनमध्ये मात्र पत्र्याच्या डब्यावर कुणी बोटं मारावीत तसं टकटक. ‘धा’ मधला ‘ता’ ऐकू येई, खालचा ‘गे’ गायब.

माझा रोजचा धंदा वेगळा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी मी टायमर आणि कंट्रोलचे बोर्ड करतो. तिथं धूळ, कापसाची पिंज, व्होल्टेजचे झटके असतात. बोर्ड मजबूत लागतो, नाजूकपणाला कुणी विचारत नाही. माईकचा नाद हौसेचा. एप्रिलात होटगी रोडच्या घरी रात्री बसून हा पहिला माईक जुळवला. तेव्हा तो असा काही सुरेख वाजला, की बायकोनं भांडी घासताना मारलेला टोमणासुद्धा स्टुडिओत रेकॉर्ड केल्यासारखा आला.

कंडेन्सर माईकचं तत्त्व जुनं आहे. वेंट नावाच्या इंजिनियरनं अमेरिकेत 1916 साली तो केला. एक ताणलेला पातळ पडदा, त्याच्यामागं धातूची चकती, मध्ये हवा. हाच कपॅसिटर, चार्ज साठवणारा. या पडदा-चकतीच्या जोडीला कॅप्सूल म्हणतात. आवाजानं पडदा हलला की व्होल्टेज हलतं. त्यासाठी आधी चार्ज लागतो. 1962 मध्ये बेल लॅबमध्ये वेस्ट आणि सेसलर या दोघांनी तो चार्ज प्लास्टिकच्या पडद्यातच कायमचा कोंडायची युक्ती काढली. तिला इलेक्ट्रेट म्हणतात. माझी कॅप्सूल त्याच जातीची होती. बाकी सर्किटला फँटमचे, म्हणजे माईकच्या केबलमधूनच येणाऱ्या विजेचे, 48 व्होल्ट. हा 48 चा आकडा तरी कुठून आला? नॉर्वेच्या रेडिओ केंद्रात इमर्जन्सी दिव्यांसाठी 48 व्होल्टची सोय होती, 1966 मध्ये न्यूमननं त्यांच्यासाठी माईक केले ते त्यावरच. आज सोलापुरातल्या खोलीत मी त्यांच्या दिव्यांवर माईक चालवतोय.

अडचण अशी, की कॅप्सूल मोजून 70 पिकोफॅरड. एवढ्याशा कपॅसिटरमधून काहीही ओढलं की तो रिकामा. म्हणून त्याच्या पुढं जेफेट नावाचा ट्रान्झिस्टर ठेवतात, जो गेटवर, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या पायावर, जवळजवळ काहीच घेत नाही, आणि गेटपासून ग्राउंडला 1 गिगाओमचा रेझिस्टर. शंभर कोटी ओम! कंट्रोल पॅनेलच्या माणसाला हा आकडा पचत नाही. आम्ही दहा किलोओमला मोठं म्हणणारे.

बोर्ड मात्र मी आपल्या धंद्याच्या सवयीनं काढला. 22 मिलिमीटर रुंद, 60 लांब, सगळे पार्ट ओळीत, नावं छापलेली, उरलेल्या जागेत सगळीकडं ग्राउंडचं तांबं ओतलेलं. गेटच्या पॅडभोवतीसुद्धा, पाव मिलिमीटरची फट ठेवून. पुण्याहून पाच बोर्ड करून आले तेव्हा मी ते चार दिवस खिशात घालून हिंडत होतो. पार्ट जोडताना दुकानातली पिवळी सोल्डर पेस्ट लावली, ब्रश थिनरमध्ये बुडवून पुसलं. दिसायला चकाचक.

त्या दिवशी सकाळी माईक लावल्यावर पहिली वाहवा मित्रानंच केली. खाली दोन घरं सोडून यंत्रमाग आहेत. त्यांची धडधड त्या खोलीतल्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये येते, भिंतीतून, जमिनीतून. त्यानं हेडफोन लावला आणि म्हणाला, “काय बे, माग येईनातच की!” मी म्हणालो, “बोर्ड शांत आहे ना आपला.” बारीक सूं येत होती, तिचं खापर मी शेजारच्या पंख्यावर फोडलं.

मग बुवा आले, आणि कणकेचा खेळ सुरू झाला. आधी कणीक कमी पडली म्हणून वाढवली, मग जास्त झाली म्हणून काढली. हातोडी काढून गठ्ठे ठोकले. बाहेर रात्रीपासून पाऊस लागलेला. आमच्याकडं जून-जुलैत ढग नुसते हूल देतात, सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरात. शेवटी मित्रानं कपाटातून स्टेजवरचा साधा डायनॅमिक माईक काढला, शेजारी लावला. त्यातून धूम दणदणीत आली. खोलीत सगळे माझ्याकडं बघायला लागले.

केबल बदलली, फँटम मोजलं, जेफेटचं व्होल्टेज बघितलं. सगळं जागेवर. बुवा पुडीवरनं हात फिरवत बसले होते. म्हणाले, “मालक, पावसात आमची पुडी सादळते. तुमच्या यंत्रात बी काय सादळत असंल.”

मी हसून म्हणालो, “बुवा, यात चामडं नाही.”

“नसू द्या की. हलगीवाले शेकतात तसं शेकून बघा.”

दुसरं काही सुचतही नव्हतं. वहिनींचा हेअर ड्रायर मागवला. कॅप्सूलवर ओला रुमाल धरला, कारण उष्णतेनं इलेक्ट्रेटचा चार्ज जातो, आणि बोर्डावर पाच मिनिटं कोमट वारा मारला. माईकची धातूची नळी पुन्हा बंद केली, कारण उघड्या बोर्डावर घरातल्या वायरिंगची घूंऽ बसते, त्यात काही कळत नाही. बुवांनी थाप मारली. धूम! अशी आली की मित्रानं दचकून आवाज कमी केला. आम्ही घाईघाईनं अर्धा अभंग घेतला, तोवर पुन्हा हळूहळू पखवाजाचा डबा झाला. पाऊणएक तासात पूर्ण. बुवांना जेवायला घातलं, शेंगाचटणी आणि कडक भाकरी, आणि पुढच्या आठवड्याची तारीख घेतली.

रात्री घरी जेफेट आणि गिगाओमचा रेझिस्टर दोन्ही उचलले. आता गेटच्या पॅडपासून ग्राउंडला काहीच जोडलेलं नव्हतं. मल्टीमीटर 20 मेगाओमच्या पुढं आंधळा आहे, त्यानं ‘ओपन’ दाखवायला हवं होतं. दाखवत होता 10 मेगाओम, वरखाली डुलत. म्हणजे त्या पाव मिलिमीटरच्या फटीत, थिनरनं पसरवलेल्या पेस्टच्या थरानं हवेतलं पाणी धरलं होतं आणि माझ्या शंभर कोटींच्या शेजारी एक कोटीची वाट पाडली होती. हिशेब केला. 1 गिगाओम आणि 70 पिकोफॅरडवर माईक साधारण 2 हर्ट्झपर्यंत खाली ऐकतो. 10 मेगाओमवर तो 227 हर्ट्झच्या खालचं गाळायला लागतो. धुमेचा सगळा जीव त्याच्या खाली. आणि एप्रिलात? तेव्हा पारा 42 वर होता, हवा पापडासारखी कोरडी. तो थर तेव्हाही तिथंच होता, त्याला प्यायला पाणी नव्हतं.

बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोनदा धुतला, दुसऱ्यांदा ताज्या अल्कोहोलनं, नाहीतर तोच मळ पुन्हा पसरतो. ड्रायरनं खडखडीत वाळवला. मीटर ‘ओपन’ झाला. पण पुढच्या पावसाचा भरवसा कोण देणार? मग मनावर दगड ठेवून मी माझ्या सुंदर बोर्डाची अब्रू घालवली. जेफेटचा गेटचा पाय वर वाकवला, गिगाओमचं एक टोक वर उचललं, कॅप्सूलची वायर तिथंच आणली आणि तिन्ही टोकं हवेतच जोडली, बोर्डाला कुठंही न टेकता. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. कारखान्यात कुणी असा बोर्ड दिला असता तर मीच परत पाठवला असता. खिशातून हिरोसारखे मिरवलेले उरलेले चार बोर्ड आता स्क्रू ठेवायच्या डब्यात आहेत. नव्या आराखड्यात गेटभोवती तांबं नाही, आरपार खाच आहे, आणि खाचेबाहेर जेफेटच्या सोर्सला, म्हणजे दुसऱ्या पायाला, जोडलेलं कडं. सोर्स गेटच्या मागोमाग हलतो, त्यामुळं दोघांच्या व्होल्टेजमध्ये फरकच उरत नाही, गळायला निमित्त मिळत नाही.

पुढच्या आठवड्यात पाऊस तसाच होता. मित्राची खोली दमट, चादरींना कुबट वास. माईक लावला. बुवांनी एकदाच कणीक थापली, बोटानं कड दाबली, थाप मारली आणि माझ्याकडं बघून मान हलवली. मित्र हेडफोन लावून ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला.

“काय झालं?”

त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला. पखवाजाच्या मागं, खोल, एका लयीत, धड-धड-धड-धड. गेल्या खेपेला माझ्या ‘शांत’ बोर्डानं गिळलेले माग.

मित्र खाली जाऊन मागवाल्याला विचारून आला. रात्री अकराला बंद करतो म्हणाला. बुवांनी घड्याळ बघितलं, कणीक ओल्या फडक्यात गुंडाळली आणि चादरीच्या मोराला पाठ टेकून डोळे मिटले.