बिडाची शिल्पं आणि स्लॉसची भट्टी

अलाबामातल्या बर्मिंगहॅमला स्लॉस फर्नेसेस बघून आलो. १८८२ ला पेटलेली भट्टी १९७१ ला विझली, आता म्युझियम आहे. पण तिथे ओतकाम अजून चालतं, फक्त कच्च्या लोखंडाच्या लाद्यांऐवजी शिल्पांचं! जुने बिडाचे रेडिएटर, बाथटब फोडून कोकवर छोट्या क्युपोलात (उभ्या भट्टीत) वितळवतात. रस साधारण १४०० अंश सेल्सिअसवर, आणि लॅडल (रस ओतायचं पळं) धरणारी बहुतेक कॉलेजची पोरं.

एका शिल्पापाशी बराच वेळ रेंगाळलो. मागे दिसणाऱ्या भट्टीच्या अजस्र पाइपांचाच एक बाक जणू पिळून ठेवलाय. दोन साच्यांच्या सांध्यावर आलेली धारदार कड मुद्दाम तशीच ठेवलेली, अंगावर वाळूचा खरबरीत पोत. आमच्या कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत हा जॉब सरळ फेटलिंगला (कडा घासून साफ करायला) गेला असता, नाहीतर रिजेक्ट! मला मात्र ती कडच जास्त आवडली. घासूनपुसून रंगवलेली शेजारची दोन-तीन शिल्पं, खरं सांगायचं तर, बागेतल्या बाकड्यासारखी वाटली.

गावातल्या टेकडीवर व्हल्कनचा, म्हणजे रोमन अग्निदेवाचा, ५६ फुटी बिडाचा पुतळा आहे, १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनासाठी ओतलेला. तो धावतपळत बघितला.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. उभा जन्म मोल्डिंगमध्ये (साचे बनवण्यात) गेलेला माणूस, शिल्पाकडे ढुंकूनही बघितलं नाही; नजर रस ओतणाऱ्या एका पोरीवर. "त्या पोरीला सांग, मध्ये हात थांबवू नको, कोल्ड शट पडंल." म्हणजे रस थंड होऊन एकजीव होत नाही, मध्ये सांधा राहतो.

पुढच्या ओतकामाला येणार का कुणी? सुती कपडे आणि बंद बूट मस्ट.