घरात पिठोरा आहे का?

बडोद्यात जात पडताळणीची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाचं निम्मं आयुष्य शाळांच्या जुन्या जनरल रजिस्टरांत जातं. राठवांच्या फायली तर हमखास अडतात. अनुसूचित जमातींच्या यादीत राठवा आहेत. पण जुन्या दप्तरात कुणापुढे ‘राठवा’, कुणापुढे ‘राठवा कोळी’, कुणापुढे नुसतंच ‘कोळी’. लिहिणारे मास्तर लिहून मोकळे झाले, निस्तरायचं नातवंडांनी.

परवाची मुलगी कवांटकडची, नर्सिंगचा प्रवेश अडकलेला. वडिलांच्या दाखल्यावर ‘राठवा कोळी’, पण आजोबांच्या दाखल्यावर स्वच्छ ‘राठवा’, तोही १९५० च्या आधीचा. असा कागद हाती लागला की वकील रात्री निवांत झोपतो. पडताळणी समितीतल्या एका साहेबांनी तो बाजूला सारला आणि आप्तभाव चाचणी सुरू केली. म्हणजे रीतिरिवाजांची तोंडी परीक्षा.

‘घरात पिठोरा आहे?’ पिठोरा म्हणजे राठवा घरातल्या भिंतीवर देवासाठी काढतात ते घोड्यांचं चित्र.

‘नाही, साहेब.’

साहेबांनी लगेच टिपून घेतलं. पोरगी थांबली नाही. ‘बाधा, म्हणजे नवस, घेतली असेल तर काढतात. आम्ही घेतलेली नाही. काकांकडे आहे.’ मग सगळं सांगितलं: ओसरीतली भिंत कुमारिका शेणामातीने सारवतात, वर पांढरी माती देतात, लखारे, म्हणजे चितारी, रंगात दूध आणि महुड्याची दारू कालवून घोडे काढतात, रात्रभर गाणं चालतं, बडवो, म्हणजे आमचा भगत, अंगात आल्यावर चित्र तपासतो, राहिलेलं दाखवतो.

साहेबांचं पेन हललं नाही. त्यांच्या लेखी पिठोरा म्हणजे हॉटेलांच्या लॉबीत टांगतात ते चित्र, राठवाच्या घरी असायलाच हवं. नवसाशिवाय तो काढत नाहीत, एवढं ठाऊक नसलेला माणूस ही परीक्षा घेतो! आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. तो निकाल मी वाचून दाखवला, पूर्ण उत्तर नोंदवून घ्या म्हणून हटून बसलो. टंकलेखकाने कशाबशा दोन ओळी घेतल्या.

तारीख पडली. जिन्यात मुलीच्या वडिलांनी हळूच विचारलं, ‘वकीलसाहेब, तारखेच्या आत पिठोरा काढून घेऊ का? बकरे, दारू, लखारे, खर्च मोठा आहे. पण कर्ज काढू.’

नको म्हटलं. काकांचं प्रतिज्ञापत्र करून घेतोय.