तुम्ही विचारलंत म्हणून: रिटायर झाल्यावर गुरुजी एवढी वर्षं करायचे काय?

बाबा १९८९ च्या ३० जूनला रिटायर झाले आणि गेले २०२४ मध्ये. मधली ३५ वर्षं ते गावातच होते, अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात. त्यामुळे लग्नाकार्यात कोणी भेटलं की विचारतंच, ताई, शेती नाही, राजकारण नाही, मग गुरुजींचा दिवस जायचा कसा? दरवेळी मी काहीतरी बोलून जाते, पेपर वाचायचे, देवळात जायचे वगैरे. पण खरं उत्तर वेगळं आहे आणि ते उभ्या उभ्या सांगता येत नाही.

बाबा १९५१ मध्ये जनपद सभेच्या, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, शाळेत मास्तर म्हणून लागले, तेव्हा आपला विदर्भ अजून मध्यप्रदेशात होता, जिल्हा परिषद १९६२ ला आली. त्या काळात आया पोरं घेऊन शाळेत यायच्या आणि जन्मतारीख कोणालाच माहीत नसायची. मग मास्तर काय करायचे, तर पोरगं सहा वर्षांचं दिसतंय ना, मग सहा वर्षं मागे जाऊन १ जुलै टाकायची. बाबांची स्वतःची तारीखसुद्धा त्यांच्या मास्तरांनी अशीच टाकलेली, १ जुलै १९३१. आजी सांगायची की हा झाला तेव्हा अंगणात भुलाबाईची गाणी चालू होती, म्हणजे कोजागिरीच्या आधीचे दिवस, आता कुठे जुलै आणि कुठे भुलाबाई, आणि साल कोणतं ते तिलाही आठवत नव्हतं.

बाबांनीही दाखलखारीज रजिस्टरात, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या पोरांच्या नोंदवहीत, अशा कितीतरी १ जुलै लिहिल्या, अर्धं गाव एका दिवशी जन्मलेलं. त्यात एक पोरगा होता, नाव सांगत नाही. मोठ्या भावाच्या मागे मागे रडत शाळेत आला, खरं तर पाचच वर्षांचा होता, पण बसू दे म्हणून बाबांनी सहाचा करून घेतला. चांगुलपणाच केला हो. पुढे तो पोरगा तयार झाला, रोज पहाटे धावायचा, पोलीस भरतीला गेला आणि कागदावर काही महिन्यांनी वय जास्त निघालं. शाळा सोडल्यावर दाखल्यावरची तारीख बदलणं किती कठीण ते ज्याने चकरा मारल्या त्यालाच माहीत. तो घरी आला, भांडला नाही, ओसरीवर बसून एवढंच म्हणाला, "गुर्जी, मी भरलो असतो ना, पण कागदावर मोठा निंगालो." आईने चहा दिला, तो तसाच ठेवून गेला. मी तेव्हा बारावीला होते. त्या रात्री बाबा जेवले नाहीत, आणि मी त्यांना जेवण टाकलेलं फक्त तेव्हाच पाहिलं.

रिटायर झाल्यावर हेच केलं त्यांनी. गावात कुठे बाळ झालं की दोन दिवसांत हे त्या दारात, पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल रुतून बसायची तर हातात घेऊन जायचे, आणि बाळ कसं आहे विचारायच्या आधी विचारायचे, "नोंद केली का?" कायदा १९६९ चा आहे, २१ दिवसांत नोंद करायची असते, पण सुईण घरी यायची त्या दिवसांत कोण ग्रामपंचायतीत जाणार, सोयाबीन काढायचं की ग्रामसेवकाला शोधायचं? बाबा स्वतः बापाला सोबत घेऊन जायचे. पुढे बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, नोंद तिथेच व्हायची, पण नावाची जागा कोरी. मग प्रश्न बदलला, "नाव टाकलं का?" पहिल्या १२ महिन्यांत नाव फुकटात टाकता येतं, नंतर १५ वर्षांपर्यंत फी भरून, हे त्यांना पाठ होतं आणि सगळ्या सुनांनाही त्यांनी पाठ करून दिलं होतं.

शिवाय ज्यांच्या नोंदी नव्हत्या त्यांच्यासाठी एक वही होती. म्हाताऱ्या बायांना विचारून विचारून लिहिलेली. पोळ्याच्या आधी का नंतर, महालक्ष्म्या बसल्या होत्या का, बोंडं फुटली होती का, हुरडा खाल्ला होता का त्या आठवड्यात. असं करत करत ते महिन्यापर्यंत तरी पोचायचे. सरकारी कामात त्या वहीचा काडीचा उपयोग नव्हता, आणि ते त्यांनाही माहीत होतं. पण माणसाला आपण कधी जन्मलो ते माहीत असावं असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि मलाही वाटतं.

दुसरीकडे त्यांचंच जुनं रजिस्टर लोकांच्या फार कामी आलं. ओबीसीच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, मग नातवंडं आजोबाच्या नोंदीची झेरॉक्स घेऊन यायची. बाबा चष्मा लावून ती दोन-दोन मिनिटं बघत बसायचे. स्वतःचंच अक्षर, टाकाने लिहिलेलं, जातीच्या रकान्यात शंभर टक्के बरोबर आणि शेजारी ती १ जुलै. पोरगं खूश असायचं आणि बाबा त्या शेजारच्या रकान्यावर बोट ठेवून गप्प.

ते गेले तेव्हा कागदावर ९३ वर्षांचे होते. तिसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, कोणाला कशाची शुद्ध नाही, मी मागच्या दारी बसले होते. तो भरतीवाला आला. आता त्याचेही केस पांढरे झालेत, कापूस-तूर करतो. समोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, गुर्जीची नोंद केली का?"

केली नव्हती. मी बाबांचं आधार कार्ड शोधलं, पिशवीत टाकलं आणि त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून ग्रामपंचायतीत गेले.